राजीखुशीने

घर नावावर कसं होतं, हे मी आईला महिनाभर समजावत होतो. मुद्रांक शुल्क, दोन साक्षीदार, फोटो, अंगठा. घरातला पहिला पदवीधर मी; खरेदीखत मोठ्याने वाचून दाखवताना शिकवणाऱ्यांचे मनातल्या मनात आभार मानायचो.

निबंधक कार्यालयात मात्र आम्हाला घर विकणाऱ्या म्हाताऱ्या मावशी यंत्रावर अंगठा ठेवेनात. त्यांच्या मुलाने मनगट धरलं आणि अंगठा काचेवर असा दाबला की नख पांढरंफटक पडलं. मावशींनी हात ओढला. त्याने तो पिरगाळला.

"लाव की गं म्हातारे, लोक खोळंबलेत!"

मावशी वाकल्या आणि त्याच्या हाताला कडकडून चावल्या. रक्त आलं. शिवी देत त्याने दुसरा हात उगारला, तोच माझी आई मध्ये घुसली.

"हात तर लावून बघ!"

खतात लिहिलं होतं, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय. हे वाक्य मला पाठ होतं. पण छापील अक्षरांना मनगट नसतं, त्यामुळे वाचताना कोणाचं काय पिरगाळलं जातंय ते दिसत नाही. अशी किती घरं, किती शेतं याच वाक्याखालून गेली असतील!

"मावशी, तुम्हाला घर विकायचंय ना?" निबंधक साहेबांनी विचारलं.

"नाही."

साहेबांनी कागद बाजूला सारले. आमची खरेदी तिथेच मोडली. मी आईकडे पाहिलं. मावशींचा सुजलेला हात हातात घेऊन ती म्हणत होती, "चला, तुमच्या घरी सोडते तुम्हाला."