दातासमोरचे हाड

अक्षयतृतीया, सकाळ: संमतिपत्रावर सही. जबाबदार: मी.
अक्षयतृतीया, अर्ध्या तासाने: माझ्या नातीच्या दातांना वायर. जबाबदार: शहरातील एक दंतवैद्य.
तान्हा पोळा: वायर आणखी कसली, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. जबाबदार: तोच.
दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा: खालच्या एका दाताची हिरडी उतरली. जबाबदार: आम्ही दोघेही.

पहिली नोंद माझ्याविरुद्ध आहे आणि ती मी खोडणार नाही. माझे सारे आयुष्य कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहिण्यात गेले. वाचल्याशिवाय कोठेही अंगठा उठवू नका, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला बजावत आलो. त्या सकाळी दंतवैद्य हसून म्हणाले, "वकीलसाहेब, आप तो सब समझते हैं." मी वकील नाही. मला तसे आजवर कोणी म्हटले नव्हते. चष्मा खिशातच राहिला आणि मी सही केली.

नातीचा खालचा जबडा जन्मापासून थोडा मागे आहे, त्यामुळे वरचे दात बाहेर दिसतात. खालचे पुढचे दात पुढे कललेले आणि दाटीने उभे होते. शाळेत मुली तिला ससा म्हणत, ती तोंडावर हात धरून हसे, म्हणून वायरचा हट्ट तिचाच होता.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माझी पत्नी सोबत आली. ती चौथी शिकलेली. मात्र केशोरीकडच्या आमच्या धानाच्या बांध्यांचे धुरे, म्हणजे शेताभोवतीचे मातीचे बांध, तिने चाळीस पावसाळे स्वतः लिंपले आहेत. संगणकाच्या पडद्यावर नातीच्या जबड्याचे बाजूने काढलेले चित्र होते. ते तिने बराच वेळ निरखले.

"काऊन जी डाक्टर, हा दात बाहेर झुकून राहिला. याच्यासमोर हाड किती हाय?"

"आजी, टेन्शन मत लो. दात अजून थोडे पुढे घेतले की रांग सरळ होईल."

"थे समजलं. धुऱ्याच्या कडेले तिरपा खुटा ठोकला तं धुरा फुटते. तुमचा धुरा किती जाड हाय, थे इचारून राहिली मी."

दंतवैद्य हसले. त्यांचा मदतनीस हसला. लाज वाटते, पण मीही हसलो, आणि वायर कसली गेली.

मंडईच्या दिवशी नात आरशासमोरून ओरडली, "आजी, माझा हा दात लांब होऊन राहिला!" दात लांब झाला नव्हता. हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले होते.

आम्ही तिला नागपूरला नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जबड्याचा सर्व बाजूंनी स्कॅन करवून घेतला आणि शांतपणे समजावले. खालचा जबडा मागे असला की खालचे दात वरच्यांना गाठण्यासाठी आपोआप पुढे कलतात. अशा दातांच्या मुळांसमोर हाड पुष्कळदा फार पातळ असते. म्हणून त्यांना आणखी पुढे ढकलण्याआधी ती जाडी पाहावी लागते. त्या एका दातासमोर हाड जवळजवळ उरलेच नव्हते. वायर कसणे वेळेवर थांबल्यामुळे शेजारचे तीन दात वाचले.

"हा प्रश्न आधी कोणी विचारला नाही?" त्यांनी विचारले.

मी पत्नीकडे बोट दाखवले. ती म्हणाली, "हे जलमभर कागद पाहत राहिले, बाई. मी पोरीचं तोंड पाहिलं."

माझ्या हातून असंख्य अर्ज लिहिले गेले. तिच्या त्या एका प्रश्नाइतका नेमका प्रश्न त्यांपैकी एकातही नव्हता. हे मी आता भेटेल त्याला सांगतो, आणि सांगताना माझी मान ताठ असते. नात आता तोंडावर हात न धरता हसते. त्या दाताच्या हिरडीवर शस्त्रक्रिया व्हायची आहे. तिला भीती वाटते, आणि तिची आजी तिच्यासोबत आत बसणार आहे.

दंतवैद्यांना मी तीन पत्रे पाठवली. पोच आली, उत्तर नाही. माझ्या चुकीचा कबुलीजबाब मी वर सहीनिशी दिला आहे. आता त्यांनी आपल्या दवाखान्याच्या दारावर, येणारा-जाणारा वाचील अशा अक्षरांत, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर लिहावे: वायर कसण्याआधी त्या दातासमोरचे हाड किती जाड आहे, हे तुम्ही पाहिले होते काय? होय किंवा नाही. आणि ते उत्तर मला उद्देशून नको. प्रश्न जिने विचारला, तिला उद्देशून हवे.