काकडीत पडलेलं कूट

मी लेनाच्या हातातली प्लेट ओढून घेतली. काकडी तिच्या ड्रेसवर सांडली. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली.

"बाबा! काय करताय हे?" वर्षा ओरडली. वर्षा माझी मुलगी. जर्मनीत ब्राउनश्वाइगला तिचं केटरिंग आहे. घरी ती मुलगी, कामावर ती साहेब.

"यात कूट आहे. शेंगदाण्याचं."

"तुम्ही घातलंत?"

"मी नाही. तिला विचार आधी, किती खाल्लं."

लेनानं दोन बोटं दाखवली. दोन घास.

मी आचारी. संगमनेरकडं उभा जन्म लग्नाच्या पंगती उठवल्या. शाळा चौथीपर्यंत. बायको गेली आणि वर्षानं मला इकडं आणलं. दिवसभर भिंतींकडं बघत बसायचो. शेजारी जिन्यात भेटला तर 'हालो' म्हणून दार लावणार. रविवारी मिक्सर लावला की खालची बाई आवाजाची तक्रार घेऊन वर येणार. शेवटी म्हणालो, मला कांदे तरी चिरायला दे. वर्षाच्या किचनमध्ये उभा राहिलो तेव्हा कुठं इथला दिवस सरायला लागला.

इथं प्रत्येक पदार्थापुढं कार्ड ठेवावं लागतं. दूध, गहू, दाणे, जे कुणाला बाधू शकतं ते त्यात आहे का, ते लिहायचं. बाधण्याला ॲलर्गी म्हणतात. मला आधी ते नखरे वाटायचे.

ही पार्टी अनिकेतची. पुण्याचा मुलगा, डॉक्टरेट मिळाली म्हणून. ऑर्डर देतानाच म्हणाला होता, "काका, दाणे अजिबात नकोत. माझ्या लॅबमधल्या लेनाचा श्वास बंद होतो." म्हणून मी खमंग काकडीत नुसतं खोबरं घातलं. वर्षानं कार्डावर लिहिलं, दाणे नाहीत. लेनानं ते वाचूनच वाढून घेतलं.

मधे मी पुऱ्या आणायला खाली गाडीपाशी गेलो. परत आलो तर काकडी कोरडी. मीठ पडलेल्या काकडीला पाणी सुटतं, ते आपोआप आटत नाही. कूट पाणी पितं. वास घेतला, आणि लेनाकडं धावलो.

आता तिचे ओठ सुजायला लागले. मान लाल झाली. घशाला हात लावून ती दाराकडं बोट दाखवत होती. तिच्या बॅगेत अशा वेळी टोचायचं इंजेक्शनचं पेन होतं. थंडीचे दिवस. दारापाशी कोटांचा ढीग, आणि बॅगा सगळ्या काळ्या.

"लेना, कुठली? कुठली?" अनिकेत जर्मनमध्ये ओरडत ढीग उपसत होता. तिला बोलता येईना. वर्षा फोनवर ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगत होती. मी एकेक बॅग उचलून लेनापुढं धरायला लागलो. नाही. नाही. ही पण नाही. मग तिनं हो म्हणून मान हलवली.

अनिकेतनं पेन कपड्यावरूनच तिच्या मांडीत दाबलं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, पण चालू होता.

ती गेल्यावर अनिकेतची आई दिसली. मुलाच्या कौतुकाला पुण्याहून आलेली. हातात स्टीलचा डबा.

"घरचं भाजलेलं कूट आहे हो. ताजं. मूठभर घातलं. मुलगा डॉक्टर झाला आणि काकडी अशी फिकी?"

"आई, मेली असती ती!"

"मला सांगितलंस का तू?"

त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. आईला नाही.

बाई माझ्याकडं वळल्या. "अहो, वाचेल ना ती?"

"मला काय माहीत? मी आचारी आहे."

खोटा धीर मला देता येत नाही. माझ्या बायकोच्या वेळी लोकांनी फार दिला. मी बाईंना पाणी दिलं आणि शेजारी बसलो.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. लेना बरी आहे, एक रात्र ठेवून घेणार. बाई तेव्हा रडल्या.

भांडी घासताना वर्षानं विचारलं, "बाबा, भांड्यापाशी कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

गावाकडं माझी बायको, सुशीला असायची. मी रांधायचो, ती पातेल्यांपाशी पाट टाकून बसायची. नवरदेवाची आत्या आली की लांबूनच हटकायची, "मुठीत काय आणलंय? आधी मूठ उघडा." बायका तिला शिव्या द्यायच्या. पण माझ्या पंगतीत कधी कुणाचं पोट दुखलं नाही. मला वाटायचं, ते माझ्या हाताचं यश.

वर्षा आता प्रत्येक पार्टीत एक माणूस भांड्यांपाशीच बसवते. मी सगळ्यांना एकच सांगतो. पदार्थ बिघडवायला वैरी लागत नाही, मायेची मूठ पुरते. झाकणापाशी माणूस बसवा, आणि ते तोंडाचं फटकळच बघा.