माळावरची तीन यंत्रं

तोफखान्यातून निवृत्त होऊन रेवणसिद्ध उदगीरला परतला, तेव्हा त्याचे कान जवळपास गेलेच होते. समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून धरायचा. बारीक आवाज तर येतच नसे. दिवसभर असं बघून बघून ऐकायचं म्हणजे संध्याकाळी डोकं जड व्हायचं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सिक्युरिटीची नोकरी कोण देणार होतं?

नायगावजवळच्या माळावरच्या एका सोलर प्लांटवर तो सहा वर्षं सुपरवायझर होता. श्रावणात भर दुपारी एक ड्रोन प्लांटवर घिरट्या घालून गेला. रेवणसिद्ध बरोबर त्याच्या खाली उभा होता, पण त्याला पत्ताच नाही. तिसऱ्या दिवशी स्टोअरमागून तांब्याची केबल चोरीला गेली, कॅमेरा पोचत नाही नेमकी तिथून. मॅनेजर भीमाशंकर रागावला नाही. नुसता म्हणाला, "मामा, डोक्यावरून गेलं की हो तुमच्या." ते जास्त लागलं.

मग हातात धरायचं, ड्रोन ओळखणारं यंत्र घ्यायचं ठरलं. तीन कंपन्यांनी आठवड्यासाठी एकेक पाठवलं. तिन्ही फक्त कान देणारी. स्वतः काही लहरी सोडत नाहीत, ड्रोन आणि त्याच्या रिमोटमधला सिग्नल तेवढा टिपतात.

"वापरून बघा आन् लिहून द्या," भीमाशंकर म्हणाला. "मला विचारलं तर ते पाच किलोमीटर पल्ल्यावालं बरं दिसून राहिलं."

कुंपणापलीकडच्या तुरीवर शिवगंगा ड्रोननं फवारणी करायची. चाळिशीतली बाई, बचत गटातून शिकलेली. फवारणी आटपली की रिकामा ड्रोन थोडा इकडं फिरवा, असं त्यानं तिला सांगून ठेवलं.

पाच किलोमीटरवालं ड्रोन लांबून धरायचं, पण ऑफिसच्या वायफायलाही ड्रोनच समजायचं. उन्हात त्याच्या स्क्रीनवर आपलंच तोंड दिसे, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बॅटरी संपे. दुसरं हलकं होतं, चुकतही नव्हतं. ते घेऊन तो कुंपणाशी उभा राहिला, शेताकडं बघत. ड्रोन इकडं फिरून गेला, तरी यंत्र त्याला गप्पच वाटलं. मग शिवगंगाच चालत आली.

"मामा, ते केव्हाचं ओरडून राहिलं तुमच्या हातात."

त्यानं यंत्राकडं बघितलं.

"ऐकू येत न्हाई का तुम्हाला?"

सहा वर्षांत हे कुणी सरळ विचारलं नव्हतं. खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"न्हाई," तो म्हणाला. "लई वर्षं झाली."

"मग वाजणारं काय कामाचं? थरथरणारं बघा एखादं."

तिसरं थरथरायचं. हातातल्या टॉर्चएवढं जाडजूड, दोनच बटणं. पल्ला जेमतेम दीड किलोमीटर. दिशा कळायला छातीशी धरून जागच्या जागी फिरावं लागे. पण ते सकाळच्या पाळीपासून संध्याकाळपर्यंत टिकलं आणि वायफायला फसलं नाही.

फोनवर बोलणं जमत नसल्यानं त्यानं तिन्ही कंपन्यांना मेसेज केला : रिमोट बंद ठेवून, आधी आखलेल्या वाटेनं उडणारा ड्रोन कळेल का? दोघांनी माहितीपत्रकच पुन्हा पाठवलं. तिसऱ्यानं लिहिलं, 'सिग्नलच नसेल तर नाही कळणार. नजर ठेवावीच लागेल.'

त्यानं रिपोर्टमध्ये तिसऱ्याचं नाव लिहिलं. कारणं लिहिली. शेवटचं कारण लिहायला मात्र दोन दिवस लागले : 'मला ऐकू येत नाही.'

भीमाशंकरनं कागद दोनदा वाचला. "हे आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं का?"

भीमाशंकरनं कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "आता तरी कसं ठेवू, सांगा." आठ दिवस त्यानं काहीच कळवलं नाही. शेवटी ती थरथरणारी यंत्रं आली, एक नाही तर दोन, आणि रेवणसिद्धची सुपरवायझरी मन्मथ नावाच्या गार्डकडं गेली. रेवणसिद्ध कुंपणाच्या फेरीवर राहिला.

त्याला वाईट वाटलं, पण वाटलं होतं तेवढं नाही. आता कुणी हाक मारली तर तो सरळ सांगतो, समोर येऊन बोला. मन्मथला त्यानंच यंत्र शिकवलं : हे गप्प हाय म्हणून आभाळ रिकामं समजू नको. तो स्वतः रोज आठ किलोमीटर चालतो, दर खांबाला थांबून वर बघतो. चार वाजेपर्यंत मान दुखायला लागते.