दादाचं बोट

थोरल्या भावाची साखर तपासताना मी त्याच्या बोटात सुई मुद्दाम खोल टोचत असे. "हा माझ्या जेवणात विष घालतो," असं दादा शेजाऱ्यांना सांगायचा. त्याचा सूड मी रोज सकाळी उगवायचो. हे त्याचा मनाचा आजार बोलतो आणि त्याच आजाराच्या गोळ्यांनी साखर वाढते, हे मला कळत होतं. पण आजार हाती लागत नाही. दादाचं बोट लागायचं.

आज तो उन्हात मटार सोलत बसला होता, ते एक बोट वर उचलून.

"दुखतंय का रे?"

"तुझा राग गेला की थांबेल."

राग अजून गेलेला नव्हता. तरी त्याच्यासमोर बसलो.

"दादा, मी मुद्दाम टोचत होतो. माझं चुकलं. मला माफ कर."