ठकूची हजेरी

तिसऱ्या लाटेतल्या जानेवारीतली ही गोष्ट. आमच्या गावच्या शाळेत पालकांची सभा होती आणि मी घरूनच भांडायच्या तयारीने निघाले होते.

विषय एकच... पेशंट वाढत असताना शाळा उघडायची की नाही? व्हरांड्यात खडूने गोल आखून आम्हा आई-बापांनाच पोरांसारखं लांब लांब बसवलं होतं.

माझ्या सईच्या वर्गातल्या गौरवचे बाबा उभे राहिले. मास्क हनुवटीवर. "लग्नं लागायलीत, बाजार भरायलाय, इलेक्शनच्या सभा व्हायल्यात. मंग शाळाच कावून बंद? तिनं काय घोडं मारलंय?" लोक हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या लाटेत माझा धाकटा भाऊ दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. मी म्हटलं, "शिर सलामत तो पगडी पचास. पोरं जगली तर शिकतील की पुढच्या वर्षी." 

सरांनी संमतीपत्रं वाटली. 'मी माझ्या जबाबदारीवर पाल्यास शाळेत पाठवत आहे'... त्या 'माझ्या जबाबदारीवर'पाशीच माझी नजर अडकली. चौथीचा वर्ग लहान, तेव्हा सगळ्यांची सही आली तरच तो भरवायचा असं ठरलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या सह्या झाल्या. राहिली फक्त माझी.

 चौथीची सगळी पोरं माझ्यापायी घरी बसणार, हे मला कळत होतं. सर एवढंच म्हणाले, "ताई, उद्यापर्यंत बघा." आणि सई? आधी रोज विचारायची, शाळा कधी गं आई? मग तिने विचारायचंच सोडून दिलं. मोबाईलवर क्लास लावून खिडकीबाहेर बघत बसायची. ते मला दिसत होतं, पण त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती, हे आता कबूल करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिलाईचं अस्तर आणायला स्कूटीवर दिंद्रुडला निघाले. कोरा फॉर्म पर्समध्येच. त्या दोन वर्षांत असं व्हायचं... आपण चाललोय की चाललोय असं वाटतंय, तेच कळायचं नाही. ऊन सौम्यच होतं, तुरीच्या शेंगा वाळत होत्या, लांब कुठेतरी उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी लागली होती.

वळणावर मेंढरांनी रस्ता भरला. गाडी बंद केली. मेंढरं हळूहळू उतरून कापूस वेचून झालेल्या रानात पांगली, धूळ उन्हात तशीच तरंगत राहिली. एवढी शांतता... मला तिथून हलावंसंच वाटेना.

तेवढ्यात आवाज आला. "गौरव!" आणि लगेच जाड्या आवाजात, "हजर सर!" "पायल!" आता बारीक आवाज, "हजर सर!"

बघते तर बांधावर दहा वर्षांची एक पोरगी. हातात काठी. एकेका मेंढीकडे काठी करून नाव घेत होती, तिच्या वतीने हजेरीही स्वतःच देत होती आणि मातीत एक रेघ ओढत होती. मेंढपाळाची ठकू! सईच्याच वर्गातली. घरात मोबाईल नाही म्हणून ऑनलाईन क्लासला कधी दिसलीच नव्हती. माझ्या तोंडाला मास्क, वरून स्कार्फ... तिने मला ओळखलं नाही.

मला गंमत वाटत होती. मी हसतच होते.

"सई!"

उत्तर नाही. तिने मातीत फुली मारली. "गैरहजर."

मी स्कूटीवरून उतरले. म्हटलं, "का गं, ती सई का नाही आली?"

"हाय की मावशी, ती बघा." तिने काठीने दाखवलं. लांब बाभळीखाली एक मेंढी उभी होती आणि तिच्या पोटाखाली पांढरं कोकरू. "त्या कोकराचं नाव सई. तिची आई लई भेती. मागल्या टायमाचं कोकरू लांडग्यानं नेलंतं तिचं. तवापासून सोडतच न्हाई."

 कसंबसं विचारलं, "मग ओढून आणायचं की तिला!"

ठकूने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला एवढंही कळत नाही. "आमचं आण्णा म्हंत्यात, भेलेल्याला वढू न्हाई. वढलं की आजून भेतंय. आपुन हितंच बसायचं. येती ती, तिच्या तिच्या पायानं."

मग ती पुढच्या नावाकडे वळली. मी तिथेच स्कूटीच्या सीटवर फॉर्म ठेवला आणि मास्कच्या आतल्या आत रडत सही केली. अस्तर राहिलंच. तशीच मागे फिरून सरांच्या घरी फॉर्म देऊन आले.

वर्ग भरला. पुढे दोघा-तिघांना ताप आला, आठवडाभर बंद ठेवला, परत भरला. त्या आठवड्यात मी एक रात्रही धड झोपले नाही. गौरवचे बाबा बरोबर होते की मी, हे मला आजही सांगता येत नाही...

पण पहिल्या दिवशी फाटकाशी सईचं बोट मी सोडलं, ते कुणी ओढलं म्हणून नाही. माझ्यासारख्या भ्यालेल्या बाईची वाट बघणारं कुणीतरी बांधावर बसलेलं होतं, आणि ठकूला हे अजूनही ठाऊक नाही.