गॅसवर चालणारी बंदूक

डॉक्टर पद्माकर सबनीस यांचा सगळा जन्म लोकांचे डोळे मिटण्यात गेला. केंब्रिजजवळच्या एका हॉस्पिटलात ते भूल देत. "दहापासून उलटे आकडे मोजा" हे ते इतक्या मऊ आवाजात सांगत की सातच्या खाली फारसं कुणी पोचत नसे. स्वतः पद्माकररावही अर्धवट झोपेत असल्यासारखेच वावरत. पुढ्यातला चहा गार होई. मिल्टन कीन्सला लेकीकडे जाताना एकाच राउंडअबाउटला दोन-तीन प्रदक्षिणा होत, आणि शेजारच्या सीटवरून सुलक्षणाबाई म्हणत, "अहो, देऊळ नाहीये ते. एक्झिट घ्या."

असा माणूस एक्याण्णव साली बंदूक विकत घ्यायला निघाला, तेव्हा हसावं की रडावं हे सुलक्षणाबाईंना कळेना.

बंदुकीचं वेड तसं घरातलंच. पद्माकररावांचे वडील महाडला मामलेदार कचेरीत होते आणि थंडीच्या दिवसांत मित्रांबरोबर तळ्यावर बदकं मारायला जात. एकदा त्यांनी आपली दुनळी बंदूक लेकाच्या हाती दिली. बदकं आली, पद्माकरने चाप ओढला, मोठ्ठा आवाज झाला आणि बदकं होती तशी निघून गेली. बाबा खो खो हसले. "आमचा पद्या डोळे मिटतो!" असं त्यांनी मित्रांना सांगितलं, घरी येऊन आईला सांगितलं, पुढे जावई-व्याह्यांनाही सांगितलं. त्यात दुष्टपणा काडीचा नव्हता. पण वाक्य मनात रुतून बसलं ते बसलंच.

मग पुण्याचं मेडिकल कॉलेज झालं, मग विलायत. बाबा गेले तेव्हा पद्माकरराव ऑपरेशन थिएटरमध्ये होते. तिकीट मिळून महाडला पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. आपल्या मुलाबद्दल हेच एक मत घेऊन बाबा गेले, असं पद्माकररावांना उगीचच वाटत राहिलं. इतक्या लोकांना झोपवणाऱ्या या माणसाला त्या विचाराला काही केल्या झोपवता येईना.

योग आला तो आर्थरमुळे. आर्थर ईली गावाकडचा शेतकरी, म्हणजे आठशे एकर बीट आणि गव्हाचा शेतकरी. त्याच्या हर्नियाच्या वेळी यांनीच भूल दिली होती, तिथून दोस्ती. त्याच्या रानात उंच लव्हाळ्यांच्या बेटांमध्ये एक तळं होतं आणि पहाटे तिथे बदकं उतरत. आर्थर यांना 'पॅड' म्हणे. आपली जुनी दुनळी तो यांना देई आणि दोघं लव्हाळ्यांत गुडघ्याएवढ्या धुक्यात उभे राहत. तीन हिवाळे गेले. पद्माकररावांना एक पीससुद्धा मिळालं नाही. उजवा खांदा आधीच दुखरा, त्यात दुनळीचा धक्का. पुढे पुढे तर धक्क्याच्या धास्तीनेच अंग आक्रसायला लागलं.

एकदा आर्थरने गंमत केली. न सांगता नळीत रिकामं काडतूस घातलं. पद्माकररावांनी चाप ओढला, नुसतं 'टक्' झालं. पण मान मात्र झटक्यानं मागे गेली होती आणि डोळे घट्ट मिटलेले होते.

"पॅड, तुझा नेम चुकत नाहीये," आर्थर म्हणाला. "तुला बदक दिसतच नाहीये."

पद्माकररावांच्या कानात महाडच्या तळ्यावरचं ते हसू घुमलं. त्यात खांद्याच्या सर्जनने जानेवारीत ऑपरेशन ठरवलं आणि नंतर बंदूक पेलेल याची खात्री देत नाही, असंही सांगून टाकलं. म्हणजे उरला हा एकच हिवाळा. या हिवाळ्यात एकदा, एकदाच, डोळे उघडे ठेवून चाप ओढायचा, असं पद्माकररावांनी मनाशी धरलं.

"मग नुसतं बघायला जा ना," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "इतके बर्डवॉचर्स जातात. बायनॉक्युलर्स न्या, मी फ्लास्क भरून देते."

"बायनॉक्युलर्स लावून बाबांना काय सांगू?"

सुलक्षणाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जास्तच आवाज करत लागली.

केंब्रिजच्या एका गल्लीतल्या दुकानात दुकानदाराने काउंटरवर हिरवं कापड अंथरलं. आधी ठेवली दुनळी, वेलबुट्टी कोरलेली, बघत राहावी अशी. पद्माकरराव बघत राहिलेही. मग त्यांनी खांद्याचं सांगितलं. दुकानदाराने मान हलवली आणि मागच्या रॅकमधून एक काळी, साधी, लांबोडकी बंदूक काढली. सेमी-ऑटोमॅटिक. बड्या लोकांच्या फेझंट पक्ष्यांच्या शिकारीत असली बंदूक नेणं म्हणजे सोवळ्याच्या पंगतीत बूट घालून जाणं. पण तळ्यावरच्या बदकांना तिचं वावडं नाही, असं त्याच्या बोलण्यातून समजलं. हिच्यातही दोन जाती. एक बंदुकीच्या धक्क्यावरच चालणारी, हलकी आणि साफ करायला सोपी. दुसरी गॅसवर. काडतूस उडालं की त्यातला थोडा गॅस दट्ट्याला मागे ढकलतो, पुढचं काडतूस आपोआप वर येतं आणि खांद्याला बसणारा धक्का विरून जातो.

"गॅसवर?" पद्माकररावांचे डोळे लकाकले. "म्हणजे आमच्याच डिपार्टमेंटची की!"

पुढे त्यांनी प्रेशर किती, व्हॉल्व्ह कुठे, दट्ट्या साफ कसा करायचा, असं विचारून दुकानदाराला नको करून सोडलं. कायदा बदलल्यापासून आत दोन आणि नळीत एक, अशी तीनच काडतुसं बसतात, हे त्याने जरा अपराधी चेहऱ्याने सांगितलं.

"मला एकच पुरे," पद्माकरराव म्हणाले. त्यांनी बंदूक खांद्याला लावली. दस्ता लांब होत होता, तो बोटभर कापून घ्यायचा ठरला. जड होती, पण ते जडपण झोपलेल्या मुलाला कडेवर घेतल्यासारखं वाटलं. तिथेच पसंती झाली.

आर्थरने नवी बंदूक उलटसुलट पाहिली आणि नाक मुरडलं. दुनळी मधोमध मोडते, नळ्यांतून आभाळ दिसतं, समोरच्याचा जीव निर्धास्त होतो. ही मोडत नाही. आत काय आहे ते देवाला ठाऊक. म्हणून त्याने अट घातली: तळ्यावर उभं राहून काडतूस भरेपर्यंत बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बसणारी लोखंडी खिट्टी, मागे ओढून उघडा पाहिजे. गाडीत, घरात, कुठेही. थिएटरमध्ये प्रत्येक नळी दोनदा तपासणाऱ्या पद्माकररावांना ही अट मनापासून पटली.

तेवढ्यात खंडेनवमी आली. सबनिसांकडे शस्त्रपूजा चुकत नसे. इतकी वर्षं शस्त्रं म्हणजे स्टेथोस्कोप, सुलक्षणाबाईंचं शिवणाचं मशीन आणि ब्रेड कापायची सुरी. यंदा देव्हाऱ्यापुढे खरंखुरं शस्त्र! पद्माकररावांनी लोखंडी कपाटाचं कुलूप काढून बंदूक आणली आणि पाटावर टॉवेल घालून निजवली. आर्थरला दिलेल्या शब्दाप्रमाणे बोल्ट सताड उघडा. शेजारी भिंतीवर बाबांचा फोटो होता. सुलक्षणाबाईंचा राग एव्हाना ओसरला होता. त्यांनी हळदकुंकू लावलं, बागेतली डेलियाची फुलं वाहिली आणि ओंजळभर अक्षता टाकल्या.

"अगं, लग्न लागतंय का तिचं?"

"असू दे. पहिलीच पूजा आहे."

शनिवारी पहाटे दोघं मित्र तळ्याकाठी लव्हाळ्यांत उभे राहिले. धुकं इतकं दाट की आर्थर हाताच्या अंतरावर असून त्याची नुसती टोपी तरंगत होती. पद्माकररावांनी अंधुक उजेडात काडतूस घातलं, बटण दाबलं, बोल्ट पुढे सरकला. मग वाट बघणं सुरू झालं. ओल्या मातीचा आणि कुजक्या लव्हाळ्यांचा वास येत होता. तो थेट महाडच्या तळ्याचा वास होता. पूर्वेला उजेड दुधात केशर टाकल्यासारखा हळूहळू फुटत गेला, आणि धुक्यापलीकडे कुणीतरी धोतर खोचून उभं आहे असं पद्माकररावांना वाटायला लागलं. त्यांनी तसं वाटू दिलं. फार बरं वाटत होतं.

मग पंखांचा आवाज आला. आधी शीळ घातल्यासारखा, मग रेशीम फाडल्यासारखा. धुक्यातून बदकं एकदम डोक्यावर आली. पद्माकररावांनी बंदूक खांद्याला लावली. पुढचा नर एवढा जवळ की त्याची हिरवी मान उजेडात झळकली. त्यांनी चाप ओढला.

काहीच झालं नाही. आवाज नाही, धक्का नाही. तो नर डोक्यावरून गेला. त्याच्या पोटाची करडी पिसं, मागे दुमडलेले नारिंगी पाय, चोचीवरचा थेंबसुद्धा दिसला. मागची बदकंही एकेक करून गेली, आणि पद्माकरराव मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिले.

आर्थरनेही बंदूक चालवली नव्हती. तो बदकांऐवजी यांच्याच तोंडाकडे बघत होता.

"पॅड," तो हळूच म्हणाला, "डोळे उघडे होते तुझे."

पद्माकररावांना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्यांनी धुक्याकडे तोंड केलं. ते मराठीत काहीतरी बोलले. आर्थरला ते कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. मग नळी जमिनीकडे धरून त्यांनी बोल्ट मागे ओढला, काडतूस काढलं आणि खिशातल्या टॉर्चने आत पाहिलं. बोल्ट जिथे अडकून बसतो त्या खाचेत एक तांदूळ होता. कुंकवाने लाल झालेला, जरासा चेपलेला. त्याच्यामुळे बोल्ट पुरता बसलाच नव्हता, मग बार उडणार कसा!

घरी सुलक्षणाबाई दारातच उभ्या होत्या. "मिळालं का काही?"

पद्माकररावांनी रुमालाची घडी उलगडून तांदूळ त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"अगंबाई! म्हणजे माझ्या अक्षतेनं घात केला? एवढी महागाची बंदूक, एवढी तयारी... सॉरी हो." त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"ऐक तरी. चाप मी ओढला होता, सुलू. आवाज होणार असं धरूनच ओढला होता. आणि माझे डोळे उघडे होते."

सुलक्षणाबाईंनी ती डोळे मिटण्याची गोष्ट नवी नवरी असताना सासऱ्यांच्याच तोंडून ऐकली होती आणि सगळ्यांबरोबर त्याही हसल्या होत्या. त्या देव्हाऱ्याशी गेल्या, तो लाल तांदूळ बाबांच्या फोटोच्या चौकटीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मामंजी, ऐकलंत ना?"