माझ्या नावाचा बॅज

आमच्या स्कॅन सेंटरनं मानांकन घ्यायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं, हा मॅडमचा विषय, आपला काय संबंध. मी तिथली टेक्निशियन. सकाळी यायचं, पेशंटला टेबलावर झोपवायचं, जाड काचेआड बसून सीटी स्कॅन करायचा आणि चित्रं मॅडमच्या संगणकावर पाठवायची. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर, सेंटर त्यांचंच. गावातल्या मस्तगड भागात एका इमारतीचा खालचा मजला त्यांनी घेतला होता. भिंतीत शिशाचे पत्रे बसवून मशीन आणलं होतं आणि सगळं बरं चाललं होतं.

अडलं ते विम्यावर. मानांकन नसलेल्या सेंटरचा रिपोर्ट असला की विमा कंपन्या दावा अडवायला लागल्या होत्या. परतूरकडचा एक पेशंट आमचाच रिपोर्ट घेऊन काउंटरवर परत आला. म्हणाला, "तुमचा कागद तिथं चालत न्हाई म्हणतेत. मंग हेलपाटे मीच मारू का?" मॅडम आतून ऐकत होत्या. त्याच आठवड्यात संभाजीनगरहून एक सल्लागार आले.

हे सर गोड बोलायचे. इतकं गोड की मला पहिल्या दिवसापासून त्यांचा भरवसा वाटला नाही. शिशाचे अ‍ॅप्रन फाटलेत का, मशीनची तपासणी कधी झाली, टेक्निशियनचं शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतलं आहे का, सगळं त्यांनी विचारलं. माझं प्रमाणपत्र त्यांनी उजेडात धरून पाहिलं. संध्याकाळच्या पाळीला एक नवा टेक्निशियन होता, त्याच्या संस्थेचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. त्याचं प्रमाणपत्र मात्र सरांनी नुसतं फाईलला लावलं. मी मनात नोंद करून ठेवली.

मग रंगीत तालमी सुरू झाल्या. सर तपासनीस व्हायचे आणि आम्हाला प्रश्न विचारायचे. त्यांचा सगळा जीव 'दिसण्या'वर. "तपासणारा माणूस दोन गोष्टी बघतो," ते म्हणायचे, "भिंतीवर काय आहे आणि अंगावर काय आहे."

अंगावर म्हणजे बॅज. मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला एक छोटा प्लास्टिकचा बॅज असतो. तो छातीला लावायचा, अ‍ॅप्रनच्या आत. तो वाजत नाही, त्यात दिवाही लागत नाही. ठरावीक काळानं तो प्रयोगशाळेत जातो आणि तिथून कळतं, या माणसाच्या अंगावर किती किरण पडले. माझा बॅज कायम माझ्या कुर्त्याला असायचा. घरी जाताना दाराजवळच्या फळीवर टांगायचा, हा नियम. माझ्या हिशेबात कधी काही आलं नव्हतं. काचेआड बसणाऱ्याला काय येणार?

आणि एक दिवस मॅडमनी मला आत बोलावलं.

रिपोर्टिंगची खोली अंधारी असते. दोन पडद्यांच्या उजेडात मॅडम आणि ते सर बसले होते. मॅडमनी प्रयोगशाळेचं पत्र माझ्यापुढं सरकवलं. माझ्या बॅजवर प्रमाणाबाहेर किरण आले होते. कारण शोधा, असं त्यांनी कळवलं होतं.

"तू बॅज स्कॅन रूममध्ये विसरली होतीस का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम."

"आठवून बघ."

"आठवायचं काय? मी फळीवरच टांगते."

सर हसले. "अहो, होतं असं. 'बॅज चुकून आत राहिला' एवढं लिहा, खाली सही करा. विषय संपला. नाहीतर मानांकनाचं सगळं लांबणीवर पडेल."

 एक गोष्ट त्या दोघांना माहीत नव्हती. मला तिसरा महिना लागला होता. पत्रात ज्या काळाचे किरण मोजले होते, तो संपला तेव्हा नुकतेच दिवस राहिले होते. सेंटरमध्ये मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मानांकनाच्या फाईलीत माझं नाव होतं. सांगितलं असतं तर मला मशीनवरून उठवलं असतं, माझ्या जागी दुसरी आणली असती, आणि परत कोण बोलावतं? आमच्या वाटूरकडच्या दोन मुलींच्या नोकऱ्या अशाच गेलेल्या मी पाहिल्या होत्या.

"विचार करून सांगते," मी म्हणाले आणि बाहेर आले.

त्या दिवसापासून मला कशाचाच भरवसा वाटेना. तालमीच्या वेळी सरांनी संगणकाची जागा बदलून घेतली होती, त्याच्या तारा न्यायला गवंड्यानं भिंतीत नवं भोक पाडलं होतं. शिसं तिथं कापलं गेलं असेल का? मला सही करायला लावतात, म्हणजे भिंत झाकायची असणार. खुर्चीत बसले की पाठ त्या भोकाकडं आहे हे विसरताच येईना. मी खुर्ची सरकवून बसायची. मॅडम दारातून डोकावल्या की वाटायचं, पाळत ठेवतात. त्यांनी मायेनं विचारलं, "जेवलीस का?" तरी वाटायचं, आज सहीचं काढणार.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते एका बियाणे कंपनीच्या गोदामात आहेत, शांत माणूस. त्या दिवशी मात्र ताटावरून उठले.

"नोकरी सोड. उद्यापासून जाऊ नको बिलकुल."

"अहो, सोडली तर खरं कधीच कळणार नाही. माझ्या अंगावर पडलं का बॅजवर पडलं, हे कळायला नको?"

"मंग सही तरी करू नको."

"नाही करत."

मी मॅडमना म्हणाले, भिंतीला मीटर लावून बघा. सर मध्येच बोलले, "तपासणी झालेली आहे, फाईलला आहे." तपासणी झाली होती हे खरं, पण भोक पाडायच्या आधी की नंतर, हे त्यांनी सांगितलं नाही. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. त्या नजरेत मला संशय दिसला. हिला दुसऱ्या सेंटरवाल्यांनी फोडलं की काय, असंच त्यांना वाटत असणार. गावात दुसरं सेंटरही मानांकनाच्या मागं होतं, तेव्हा त्यांचंही अगदीच चूक नव्हतं.

माझा दुसरा संशय संध्याकाळच्या पाळीवर होता. तो पोरगा अबोल. मी निघताना तो येणार, मान हलवून आत जाणार. माझ्यामागं तिथं काय चालतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून एकदा घरी जाऊन परत आले. डबा राहिला, असं काउंटरवर सांगितलं आणि सरळ काचेच्या खोलीत गेले. तो संगणकावर होता. मला बघून दचकला.

"ताई, तुम्ही गेल्त्या ना?"

 माझी नजर काचेपलीकडं गेली होती. टेबलावर एक म्हातारी होती. राजूरला गणपतीच्या दर्शनाहून येताना गाडीवरून पडलेली, डोक्याला मार. ती हालत होती, म्हणून तिच्या मुलाला आत थांबवलं होतं. तो तिचे हात धरून उभा होता. अंगात अ‍ॅप्रन होता, तसा नातेवाइकांना देतोच. पण त्या अ‍ॅप्रनच्या बाहेर, छातीवर, एक बॅज चमकत होता. त्यावरची निळी चिकटपट्टी मी ओळखली. तिच्यावर माझं नाव मीच लिहिलं होतं.

मशीन फिरायला लागलं. मी सरळ मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, चला."

"काय झालं?"

"तुम्ही चला आणि फक्त काचेतून बघा."

त्या आल्या. आम्ही दोघी काचेशी उभ्या होतो. तो माणूस आईला सांगत होता, "हालू नको माय, झालंच," आणि त्याच्या छातीवर माझं नाव होतं. 

पेशंटला बाहेर नेल्यावर मॅडमनी विचारलं, "हा बॅज त्याच्याकडे कसा?"

पोरगा पांढराफटक पडला होता. "सरांनीच सांगितलं मॅडम. कोणी अचानक पाहायला आलं तर बॅज फळीवर न्हाई, अ‍ॅप्रनवर दिसले पाहिजेत. म्हणून रोज आलो की फळीवरचे बॅज अ‍ॅप्रनला लावतो. जाताना परत फळीवर टांगतो, तोबी नियम आहे ना. ताईंचा अ‍ॅप्रन दाराजवळचा, जल्दीत नातेवाइकाला तोच देतो मी. त्यानं काय होतं?"

"काय होतं?" मी ओरडलेच. "माझ्या नावावर लोकांचे किरण येतात, हे होतं!"

"मला खरंच कळालं न्हाई ताई." तो रडायच्या बेताला आला होता. मला तेव्हाही वाटलं, नाटक करतो. पुढं त्याच्या संस्थेला पत्र गेलं तेव्हा त्याचं प्रमाणपत्र अगदी खरं निघालं.

मला वाटलं होतं, आता सुटले. पण घरी जाताना पुन्हा किडा वळवळायला लागला. सगळे किरण नातेवाइकांच्याच अंगावरून आले, हे कशावरून? त्या भोकातून थोडे माझ्याकडं आले नसतील कशावरून? दुसऱ्या दिवशी सर आले आणि आनंदानं म्हणाले, "चला, म्हणजे बॅज आत राहिला हेच खरं. करा सही." तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"मॅडम, मला दिवस गेलेत," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "भिंत तपासल्याशिवाय मी सही करणार नाही आणि त्या खुर्चीतही बसणार नाही."

मॅडम उभ्या राहिल्या. "आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही काढून टाकलं असतं."

 मॅडमनी तिथंच फोन उचलला. दोन दिवसांनी मीटर घेऊन एक तज्ज्ञ आले. मी हट्टानं त्यांच्याबरोबर उभी राहिले, दाराबाहेर, जिथं ते म्हणाले तिथं. त्यांनी मशीन चालू करून माझ्या खुर्चीमागची भिंत, ते भोक, दाराची फट, सगळीकडं मीटर फिरवला. भोक तिरपं पाडून आतून शिशानं मढवलेलं होतं. काटा हलला नाही.

"तुमच्या जागी काही येत नाही, बाई," ते म्हणाले.

"पुन्हा एकदा लावा."

त्यांनी पुन्हा लावला. मग मी भिंतीला टेकून बसले आणि पोटभर रडले.

मॅडमनी मला मशीनवरून काउंटरला बसवलं. पगार तोच ठेवला. तरी मला ते खरं वाटेना. माझ्या जागी नवी बाई आली तेव्हा ठरवूनच टाकलं, हे गोडीगुलाबीनं काढणं आहे. सल्लागार सरांचं येणंही बंद झालं. कुणी बंद केलं ते मी विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी बाहेरून दोन डॉक्टर आले. त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी काउंटरवर मला विचारलं, "बॅजच्या पत्राचं काय झालं होतं?" मी मॅडमकडं पाहिलं. मनात म्हटलं, आता ह्या म्हणणार, हिची चूक. पण मॅडमनीच सगळं सांगितलं. सरांची तालीम, नातेवाइकाला दिलेला अ‍ॅप्रन, म्हातारीचा मुलगा, सगळं. "चूक आमच्या पद्धतीची होती," त्या म्हणाल्या. "हिनं ती पकडली."

त्या गृहस्थांनी त्रुटी लिहिली. मानांकन तेव्हा मिळालं नाही. बॅजची जागा बदलली, नातेवाइकांचे अ‍ॅप्रन वेगळे केले, ते सगळं दाखवल्यावर मिळालं. तोवर मी बाळंतपणाला माहेरी होते. मुलगी झाली. डॉक्टरांनी ती ठणठणीत आहे म्हणून सांगितलं तरी मी तिची बोटं कितीतरी वेळा मोजली.

मॅडमचा फोन आला, कधी येतेस. मी पुन्हा मशीनवर आले त्या पहिल्या दिवशी मॅडम काचेच्या खोलीतच बसून होत्या. मला राहवेना.

"मॅडम, माझ्यावर लक्ष ठेवून आहात का?"

"थोडंसं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पत्र आलं तेव्हा तुला काय वाटलं होतं? मी भिंत लपवतेय?"

"हो."

"मला वाटलं होतं, तू मुद्दाम बॅज आत ठेवलास. त्या दुसऱ्या सेंटरवाल्यांनी सांगितलं म्हणून."

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. हसावं की नाही ते दोघींना कळेना. तेवढ्यात पेशंट आला, वाटूरकडचाच एक काका. टेबलावर आडवा व्हायच्या आधी त्यानं भिंतीवरचं मानांकनाचं प्रमाणपत्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बाई, आता विमावाले तुमचा रिपोर्ट बराबर मान्य करतेत ना?"

"करतात काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, आणि टेबलाच्या कडेला बसूनच राहिला.

"मंग तसं लिहून द्या," तो म्हणाला.